चाकाखालचा देव

आदिलाबादकडच्या बोथ गावचा दवाखाना बांधणाऱ्याने सारं सपाट गाव सोडून उतारावरचीच जागा का निवडली, हे त्याचं त्यालाच ठाऊक. आजारी माणूस चढताना अर्धा व्हायचा, आणि बरा झाला की काही न करता घरापर्यंत घरंगळत जायचा. माणसाचं ठीक आहे. पण दवाखान्याची पांढरी व्हॅनही त्याच उतारावर उभी राहायची. तिचा पहिला गेअर उभ्या-उभ्या सुटायचा. म्हणून खुशाल ड्रायव्हर मागच्या चाकाला एक दगड लावायचा.

हँडब्रेक होता की! पण खुशाल त्याला हात लावत नसे. ओल्या हवेत तो ओढून ठेवला, की मागच्या चाकांतले ब्रेकचे लायनर ड्रमला असे चिकटायचे, जसा दिवाळीला आलेला जावई सासऱ्याच्या ओट्याला चिकटतो. उठवता उठायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात त्याने हा अनुभव घेतला होता. मग नदीवरून एक तिकोनी काळा दगड आणला, चाकाला नेमका बसणारा, आणि बारा वर्षं त्या दगडाने गाडी धरून ठेवली.

खुशालचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करत राहिला. बुद्धवाड्यातून सरकारी स्टिअरिंगवर बसलेला खुशाल पहिलाच. गाडी दिवसातून दोनदा धुवायचा. स्वतःची आंघोळ एखादे वेळी राहायची, गाडीची नाही.

एक्क्याऐंशीच्या दसऱ्याला कंपाउंडर वामनरावांनी नेहमीप्रमाणे गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दवाखान्यातली आया रुक्माबाई शेंदूर घेऊन आली, ती गाडीला सोडून दगडाजवळच बसली आणि त्याला चांगला माखला.

"रुक्माताई, हे काय करून राह्यल्या?"

"राहू दे खुशालभाऊ. बारा वर्सं मुकाट गाडी धरून बसला हाय बिचारा. इतका तं मायावाला नवराई एका जागी बसला नाई."

सगळे हसले. खुशालही हसला. दुसऱ्या दिवशी गाडी लावून तो दगड उचलायला गेला, तेव्हा मात्र रुक्माबाई धावत आली. "अगाई! देवाले चाकाखाली घालतं का? काई लाज?" तिने दगड पदरात धरून आवारातल्या निंबाखाली नेऊन ठेवला. संध्याकाळी तिथे उदबत्ती लागली. चार दिवसांत कुणा पेशंटाने नारळ फोडला. त्याचा ताप उतरला आणि औषधाचं श्रेय दगडाला गेलं.

खुशालने दुसरा दगड आणला. आठ दिवसांत त्यालाही कुंकू! "एकट्याले करमंल कसं? जोडी पायजे," रुक्माबाई म्हणाली. तोही निंबाखाली गेला.

वामनरावांनी विचारलं, "खुशाल, देव तयार करायचा कारखाना टाकला काय बे?"

हे त्याने हसून घालवलं. पण बुद्धवाड्यातल्या चंपतराव गुरुजींनी त्याला रस्त्यात अडवलं, ते त्याला हसून घालवता आलं नाही. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना रे तू? अन् दवाखान्यात देवळं काऊन उठवून राह्यला?"

खुशाल खाली मान घालून घरी आला. तिसरा दगड आणला तर रुक्माबाई त्यालाही कुंकू लावणार, गुरुजी पुन्हा विचारणार. रुक्माबाईला 'नको' म्हणावं, तर ती त्याला भाऊ मानायची, भाऊबीजेला ओवाळायची. त्याने कुणालाच काही म्हटलं नाही. त्या दिवसापासून तो हँडब्रेक ओढू लागला. दिवस कोरडे होते. गाडी सकाळी गुमान निघायची.

दिवाळीत आभाळ फाटलं. तीन दिवस थंडगार झड. कुठून बोलावणं नव्हतं, गाडी जागची हलली नाही. खुशालच्या मनात दोनदा आलं, जाऊन ब्रेक सोडावा, चाकाला दगड लावून यावा. दोनदा निंब आठवला, आणि तो घोंगडीत बसून राहिला.

चौथ्या दिवशी उजाडताना रुक्माबाईच्या एकुलत्या एक लेकीला, पंचफुलाला, दवाखान्यात आणलं. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. रक्त थांबत नव्हतं. आंध्रच्या किनारपट्टीकडचे डॉक्टर बाहेर येऊन ओरडले, "तोंदरगा! आदिलाबाद! जल्दी!" लवकर न्या, हे समजायला तेलुगू यावं लागत नव्हतं.

पंचफुलाला गाडीत निजवलं. तिचं डोकं रुक्माबाईच्या मांडीवर. खुशालने इंजिन सुरू केलं, ब्रेकचा दांडा खाली केला, क्लच सोडला. गाडीने मागचा भाग बैलासारखा उचलला आणि तिथेच बसली. पुढे घेतली, मागे घेतली. चाकं फिरेनात. दांडा सुटला होता; ड्रम सुटले नव्हते.

तहसीलची जीप आदिलाबादला गेलेली. पहिली बस दहाची. खुशाल हातोडा घेऊन चिखलात आडवा पडला.

"मामा, निघाली का गाडी?" आतून पंचफुलाने विचारलं.

"निघालीच बाई."

वामनराव बाळंतपणासाठी तापवलेलं पाणी किटलीने ओतत होते, खुशाल ड्रमवर ठोकत होता. बऱ्याच वेळाने डावं चाक टणकन सुटलं.

"निघाली का, मामा?"

"हे काय, निघालीच."

उजवं ठोकून हलेना; चाक काढावं तर नट गंजलेले. पाना घसरून खुशालची बोटं सोलली. चार जण गाडीला खांदा लावून उभे होते. तिसऱ्यांदा तिने विचारलं असतं, तर तेच उत्तर तयार होतं. तिने विचारलं नाही.

उजवं चाकही मोकळं झालं तेव्हा सव्वा तास गेला होता. खुशालने गाडी कधी पळवली नव्हती अशी पळवली. खड्डा पाहिला नाही, वळण पाहिलं नाही. वाटेतलं गुडिहत्नूर मागे पडलं, आणि पाठीमागून रुक्माबाईचा आवाज आला. अगदी रोजचा आवाज.

"खुशालभाऊ, आता हळू चालव."

त्याने गाडी हळू केली. पोटातलं बाळही गेलं होतं.

त्याला कुणी बोल लावला नाही. डॉक्टरांनी गाडीच्या वहीत गंजाचा शेरा लिहिला, वामनरावांनी पावसाला शिव्या दिल्या. चंपतराव गुरुजी घरी येऊन बसले, बराच वेळ काठीने जमीन उकरत राहिले आणि चहा न घेता उठले.

तेरवी झाल्यावर रुक्माबाई कामावर आली. फरशी पुसायच्या आधी ती निंबाखाली गेली. दोन्ही दगड हौदावर आणले आणि विटकरीच्या भुकटीने घासायला बसली. शेंदूर तेलातला, सहज निघणारा नव्हे. ती खरखर सगळ्या दवाखान्यात ऐकू येत होती. खुशाल गाडी धुता धुता थांबला.

"राहू द्या ना, ताई."

"तुले नको म्हणता आलं नाई ना रे मले?"

खुशालच्या हातातलं फडकं गळत राहिलं.

दगड काळे झाले. खाचांतून थोडी लाली राहिली, ती राहिलीच. रुक्माबाईने ते गाडीमागे आणून टाकले. खुशाल वाकला, पण त्याचा हात पुढे होईना. मग तिनेच पायाने, दर वेळी ज्याच्या पाया पडायची त्या दगडाला पायाने, एक डाव्या चाकाखाली सरकवला, दुसरा उजव्या.

"जोडी हाय," ती म्हणाली. "दोनी चाकाले होते."

आणि बादली उचलून फरशी पुसायला आत गेली. खुशाल गाडीत चढला आणि ब्रेकचा दांडा खाली आहे का, ते हाताने चाचपून पाहू लागला. खालीच होता. त्याने पुन्हा चाचपला.