संसारोपयोगी साहित्य

किसन खिल्लारे गेल्याचा फोन दुपारी आमच्या ऑफिसात आला. जिंतूरहून त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकानं केला होता. हेडक्लार्कच्या टेबलापाशी दोन माणसं मोठ्यानं भांडत होती, त्यामुळे मला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. कोण गेलं, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो शिक्षक म्हणाला, "ड्रॉइंगचे सर. तुमचे दोस्त." मी फोन ठेवला, जागेवर येऊन बसलो आणि अर्धवट राहिलेलं पत्र पुरं केलं. का केलं ते आजही सांगता येत नाही... काविळीनं त्याचं यकृत निकामी होत चालल्याचं मला ठाऊक होतं. पंधरा दिवस आधी भेटायला म्हणून स्टँडवर जाऊन मी जिंतूरची गाडी डोळ्यांदेखत जाऊ दिली होती. त्यालाही आता दोन महिने होतील.

जिंतूरला लोक त्याला ड्रॉइंग मास्तर म्हणून ओळखायचे. तो सिनेमात काम करून बसला होता हे फार थोड्यांना माहीत असेल. परभणीच्या कॉलेजात किसन, सुधाकर आणि मी एका बाकावर. सुधाकर पुढं पुण्याला जाऊन कॅमेऱ्याचं शिकून आला आणि नामांतराच्या दंगलीनंतर पाच-सहा वर्षांनी त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. खेड्यातली एक आई, तिच्या मुलीचं लग्न, एवढीच गोष्ट. ती मी लिहिली. कॅमेरा मागून आणलेला, फिल्म मोजकी, नट म्हणजे आसपासच्या गावांतले मास्तर आणि त्यांच्या बायका. घर सजवायला, सामान जमवायला माणूस नव्हता. ते किसननं अंगावर घेतलं. हे एक काम असतं, हेही आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी सुधाकरनं बाजारातून नवी केरसुणी आणली. किसननं ती हातात घेऊन फिरवली आणि विचारलं, ही बाई झाडती कोणत्या हातानं? सुधाकर म्हणाला, उजव्या. "मंग एका बाजूनं झिजलेली पायजे. ही दुकानातली हाय, घरातली न्हाई." अर्ध्या तासानं तो कुणाच्या तरी अंगणातून झिजलेली केरसुणी घेऊन आला, बदल्यात त्या बाईला नवी देऊन आला होता. कंदिलाची काच त्यानं धुरानं काळी केली, मग एका बाजूनंच पुसली, कारण म्हणे पुसताना बाईचा हात आत तेवढाच जातो. गोधड्या आणल्या त्या लेकरांनी ओल्या केलेल्या. वास कॅमेऱ्यात येत नाही, असं मी म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "निजणारीला येतो ना."

ताडकळसच्या बाजारात आम्ही दोघं एकदा जुनं सूप शोधत फिरलो. मिळालं नाही. परतीच्या एसटीत मी त्याला सहज बोललो, इतकं बारीक कोण बघतंय? तो खिडकीकडं वळला. मग सांगायला लागला. दंगलीत त्याची वस्ती जळाली होती. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडाभर गावागावांत वस्त्या पेटल्या, त्यातली ती एक. आमच्या गावापासून दोन कोसांवर, नदीच्या पलीकडं. मी त्या वेळी परभणीत खोली करून राहायचो. गावी गेलो ते महिन्यानंतर. घरात कुणी त्याविषयी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढंच मला ठाऊक होतं. किसननं सांगितलं ते पंचनाम्याचं. "संसारोपयोगी साहित्य जळून खाक, असं लिवलं तलाठ्यानं. दोन शब्दांत अख्खं घर. मी म्हनलं साहेब, जातं लिवा, सूप लिवा, मायचं लुगडं लिवा. तो म्हनला, एवढं लिवायला जागा न्हाई कागदावर."

लग्नाच्या प्रसंगात रुखवत मांडायचं होतं. पितळेची भांडी हवी होती. आमच्या घरी ती भरपूर, म्हणून मीच किसनला गावी घेऊन गेलो. आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसलेले. किसन पायरीवर बसला. त्याला वर ये म्हणावं असं माझ्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. आईनं त्याला कान तुटलेल्या कपात चहा दिला. आतून तिनं तपेली, परात, समया काढून दिल्या आणि वर म्हणाली, गोठ्यात एक घागर आहे, घासली तर लखलखीत होईल. मी गोठ्यातून घागर आणली. तीत म्हशीची सरकी भिजत घातलेली होती. किसननं सरकी टोपल्यात उपसली, घागर आडावर नेऊन धुतली आणि हातात फिरवत तो उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, कडेचा पोचा बघतोय. त्यानं आबांकडं एकदा पाहिलं. आबा पेपर वाचत होते.

शूटिंगच्या जागी त्यानं सगळी भांडी चिंच-राखेनं घासली आणि सुधाकरला म्हणाला, या घागरीवर शेवंताबाई मारोती असं नाव कोरलंय, तर गोष्टीतल्या आईचं नाव शेवंता करू. मी तिचं नाव रुक्मिणी ठेवलं होतं. सुधाकरला कल्पना आवडली, मलाही आवडली. लेकीला घागर देण्याआधी आई त्या नावावरून बोट फिरवते, असं मी उत्साहानं लिहूनही दिलं. आईचं काम करणारी बाई मास्तरीण होती, तिला घागर कमरेवर घेणं जमेना. किसननं स्वतः घागर कमरेवर घेऊन, मान थोडी कलती करून चालून दाखवलं. सगळे हसले. तो हसला नाही.

सामान परत करायला तो स्वतः आला. तपेली, परात मोजून आईच्या हवाली केली. घागर त्यानं आबांच्या पुढ्यात ठेवली. "मालक, तुमची घागर. नीट बघून घ्या." आबांनी मान वर केली नाही. ठेव गोठ्यात, म्हणाले. किसननं ती गोठ्यात होती तिथंच नेऊन ठेवली. आणलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची हा त्याचा शिरस्ता, असं समजून मला त्याचं कौतुकच वाटलं.

सिनेमा पुरा झाला, पण कुठल्याच टॉकीजनं घेतला नाही. किसननं आपल्या शाळेत, वर्गाच्या खिडक्यांना काळी कापडं लावून, एका शनिवारी दुपारी तो दाखवला. पहिल्या रांगेत त्याची माय बसली होती. मी तिच्या मागच्या बाकावर. इतक्या वर्षांच्या दोस्तीत तिला मी किसनची माय एवढंच ओळखत होतो. तिचं नाव कधी विचारलं नव्हतं. पडद्यावर घागर आली. बोट नावावरून फिरलं. म्हातारी हळूच पुढं वाकली.

"किसन, माही हाय ती."

"व्हय माय. तुहीच हाय."

"पितळ जळत न्हाई, मी मनलं व्हतं..." आणि जरा थांबून तिनं विचारलं, "कुठं घावली?"

किसन म्हणाला, सिनेमावाल्यांनी आणली. तो मागं वळला नाही. वळायची गरज नव्हती. पुढचा सिनेमा मी पाहिला की नाही ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावी जाऊन आबांना विचारलं. ते म्हणाले, "सारं गाव गेलतं. म्या आग लावली न्हाई. पडली व्हती, उचलली." मी म्हटलं, तुम्ही स्वतः नेऊन द्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बघितलं. बापाशी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोललो नाही. त्याचं मला पुढं कधीच बरं वाटलं नाही. घागर पोत्यात घालून मी एकटाच जिंतूरला गेलो. किसन दारातच उभा होता. त्यानं पोत्याला हात लावला नाही.

"तू दिलीस तर ती भेट व्हईल, अशोक. मला भेट नकोय. ज्यानं नेली त्यानं आनावी."

घागर माझ्याबरोबर परभणीला आली आणि आमच्या क्वार्टरमध्ये माळ्यावर पडून राहिली. किसननं बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं, असं मला कैकदा वाटलं. परभणीला आला की ऑफिसात यायचा, चहा घ्यायचा, मुलांची चौकशी करायचा आणि उठताना दर वेळी विचारायचा, "आबा कसे हायेत?" बरे आहेत, मी म्हणायचो. तो मान हलवून जायचा. त्याची माय गेली, त्या वर्षीही त्यानं असंच विचारलं. मग आबा गेले. किसन भेटायला आला, माझ्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला. निघताना एवढंच म्हणाला, "ऱ्हायलंच मंग." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, आणि त्याचं येणंही हळूहळू कमी होत गेलं.

या वर्षी विद्यापीठाला नाव मिळालं. जिंतूरला त्याच्या गल्लीत पेढे वाटले. त्याला पथ्य होतं. त्यानं पेढा तोंडात घातला नाही, दिवसभर मुठीत धरून ठेवला, असं कमलवहिनींनी, त्याच्या बायकोनं, मला सांगितलं.

आबांच्या माघारी आई माझ्याकडं राहते. किसन गेल्याचं तिला कळलं. आठवड्यानं एका सकाळी उठून पाहतो तर तिनं माळ्यावरची घागर काढलेली, चिंचेनं घासलेली. मला म्हणाली, "जिंतूरला न्हे मला." सत्तरी उलटलेली माझी आई आयुष्यात पहिल्यांदा एका बौद्धाच्या घरी निघाली होती. एसटीत घागर तिनं मांडीवर घेतली, मला धरू दिली नाही.

कमलवहिनींनी सतरंजी टाकली. आई बसली नाही. दारात उभी राहून तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "नेनारा गेला. पन म्या हिच्यात म्हशीची सरकी भिजवली. कुठली हाय ते मला ठाव व्हतं... म्हनून मी आनली."

कमलवहिनी घागरीकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मग त्या सरळ आवाजात म्हणाल्या, "आता घरात नळ आलाय, आई. कुठं ठेवू ही?"

शेवटी वहिनींनीच घागर उचलली आणि किसनच्या खोलीत नेली. तिथं त्याची लोखंडी खाट तशीच आहे, गादी गुंडाळून उशाला ठेवलेली. खाटेखाली रंगांचे डबे होते, ते त्यांनी भिंतीकडं सरकवले आणि मोकळ्या झालेल्या जागेत घागर ठेवली. परवा गेलो तेव्हाही ती तिथंच होती, रिकामी. वहिनी रोज खोली झाडतात, खाटेखालीही झाडतात, आणि झाडून झालं की दार ओढून घेतात.