आजचे नऊ

जगात रोज किती सुंदर गोष्टी तयार होतात, असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. नऊ. रविवारी सुट्टी.

टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला, खिडकीला चिकटवलेलं टेबल आणि समोर रुंद पडदा. अकरा वर्षं ती तिथं बसत होती. जगभरातले चित्रकार, फोटोग्राफर, खुर्च्या-दिवे-किटल्या घडवणारे लोक आपापलं काम ती नोकरी करायची त्या वेबसाइटला पाठवायचे. दिवसाला सात-आठ हजार नग. त्यातून नऊ वेचायचे आणि दुपारी चारच्या ठोक्याला ‘आजचे नऊ’ म्हणून चढवायचे. ते बघून वाचकांना प्रेरणा मिळायची. निदान साइटच्या माथ्यावर तसं लिहिलेलं तरी होतं.

पहिल्या वर्षी ती उड्या मारत घरी जायची. नवरा बसच्या आगारात मेकॅनिक. त्याला सांगायची, “अहो, आज एका बाईनं मोडक्या छत्र्यांचं केवढं मोठं पाखरू केलंय!” तो कोपरापर्यंत साबण लावत विचारायचा, “उडतं का?” पुढं तिनं सांगणं सोडलं आणि त्यानं विचारणं.

कारण एवढं बघितल्यावर डोळ्यांना दुसरं काय होणार? धुक्यातलं एकटं झाड तिनं चार हजार वेळा तरी पाहिलं असेल. बंद पडलेल्या कारखान्याचा गोल जिना. पाण्याखाली तरंगणारा लाल झगा. तीन पायांची खुर्ची, जिच्यावर बसायची घडवणाऱ्याचीही छाती होणार नाही. बाणाचं बटण दाबलं की नग गळायचा, लांबडं बटण दाबलं की राहायचा. अंधारं गेलं. कलतं गेलं. डोकं कापलेलं गेलं. संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालून ती भिंतीकडं तोंड करून पडायची, कारण त्या भिंतीवर काही नव्हतं.

शेजारच्या टेबलावर ओळीवाला बसायचा. निवडलेल्या नगाखाली दोन ओळी लिहिणं हे त्याचं काम, म्हणून ओळीवाला. खुर्ची आली की ‘साधेपणातलं सौंदर्य’, फोटो आला की ‘प्रकाश आणि सावलीचा संवाद’. अशा बारा ओळी त्यानं करून ठेवल्या होत्या आणि पाळीपाळीनं वापरायचा. “वहिनी,” तो म्हणायचा, “आपण दोघंही पाट्याच टाकतो. फक्त तुमच्या पाट्या रंगीत.”

त्या आठवड्याच्या सोमवारी संपादकसाहेब स्वतः टेबलापाशी आले. एरवी ते काचेच्या खोलीतून हाक मारायचे.

“मॅडम, एक नवीन प्रोग्रॅम घेतलाय,” साहेब म्हणाले. “अकरा वर्षांत तुम्ही काय ठेवलंत, काय गाळलंत, ते सगळं त्याला दाखवलंय. या आठवड्यात तुम्ही तुमचे नऊ निवडा, तो त्याचे निवडेल. शुक्रवारी बघू.”

“काय बघू?”

“बघू, म्हणजे…” साहेबांनी चष्मा पुसला. “दोन्हीकडं तेच नऊ येत असतील, तर दोघांची गरज काय, एवढंच.”

ते गेल्यावर ओळीवाल्यानं खुर्ची सरकवली. “वहिनी, तुमची धाकटी जाऊ आली म्हणायची. जेवत नाही, दमत नाही, माहेरी जात नाही. सांभाळा.”

तेव्हापासून प्रोग्रॅमचं नाव धाकटी पडलं.

सोमवारी धाकटीचे आठ नग तिच्याशी जुळले. मंगळवारी नऊ. बुधवारी नऊच्या नऊ, आणि लावलेला क्रमही तोच. दोन्ही याद्या तिनं शेजारी ठेवून पुन्हा एकदा ताडून पाहिल्या. हे काम तिला सात तास लागायचं आणि धाकटीनं ते चहा गाळायच्या वेळात उरकलं होतं. नवऱ्याचा पगार होता, उपाशी राहायची पाळी नव्हती. तिला सलत होतं ते वेगळंच. अकरा वर्षं आपण बघत होतो, की नुसतं बोट चालवत होतो?

गुरुवारी तिनं शहाणपणा केला. मुद्दाम भलतेच नऊ उचलले: प्लास्टिकच्या चमच्यांचा डोंगर, उलटा टांगलेला पियानो, असलं काहीबाही. साहेबांनी यादी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे काय आहे? हे तुम्ही स्वतःच गाळलं असतं.”

ते खरं होतं. 

शुक्रवारी उजव्या हाताचं बोट इतकं ठणकत होतं की तिनं डाव्या हातानं काम सुरू केलं. डावा हात मठ्ठ. दोन सेकंदांच्या कामाला सहा लागायला लागले. दुपारपर्यंत निम्मेही नग झाले नाहीत, आणि गंमत म्हणजे तिला त्याचं काही वाटेना. जायचंच आहे तर धावत कशाला जायचं?

एक वाजता एक अंधारा, कलता फोटो आला. डोकं कापलेला. तिनं सवयीनं बाण दाबायला बोट नेलं, पण डाव्या हातानं भलतंच बटण दाबलं आणि फोटो गळायच्या ऐवजी त्याची सगळी कुंडलीच उघडली.

पाठवणारीचा व्यवसाय: धुलाई कामगार. आजवर पाठवलेली कामं: एक. किती वेळा पाठवलं: पाच.

खाली बारीक अक्षरांत आधीच्या चार वेळांच्या तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढं ‘गाळला’, गाळणाऱ्याचा क्रमांक आणि पाहायला लागलेला वेळ. दीड सेकंद. एक सेकंद. एक सेकंद. पाऊण सेकंद. क्रमांक चारही ठिकाणी तिचा.

तिनं खुर्ची मागं घेतली. आपल्याच चोरीचा पंचनामा वाचल्यासारखं झालं तिला. कुठल्या देशातली कोण बाई. दोन वर्षांत पाच वेळा तोच एक फोटो पाठवते, आणि आपण आठवणही ठेवत नाही की हा आधी पाहिलाय. पाहिलाच नव्हता, तर आठवणार काय?

मग तिनं पाहिला.

कपडे धुण्याच्या कारखान्यातली खोली. वाफेनं सगळं पांढुरकं झालेलं. उलट्या बादलीवर एक बाई बसलीय, तिचं डोकं चौकटीच्या वर कुठंतरी राहून गेलंय. रबरी बूट काढून ठेवलेत. एक आडवा पडलाय आणि एक उभा आहे, अजून आत पाय असल्यासारखा. मोज्याची वीण पोटरीवर उमटलेली. आणि बाईनं डाव्या पायाची टाच उजव्या पायाच्या बोटांवर दाबून धरलीय. वाकून हातानं पाय चेपायचीही ताकद उरत नाही तेव्हा बाई असंच करते, एक पाय दुसऱ्याला चेपून देतो. खाली एकच ओळ होती: ‘माझी बहीण, शिफ्ट संपल्यावर.’

डोकं कापलं गेलं नव्हतं. पाठवणारीला पायच दाखवायचे होते.

“वहिनी, अहो, दोन वाजले,” ओळीवाला म्हणाला. मग उठून तिच्या मागं आला आणि तोही फोटोकडं बघू लागला. म्हणाला, “माझी आई अशी बसायची. गिरणीतून आली की.”

“धाकटीनं याचं काय केलंय, बघा जरा.”

त्यानं आपल्या पडद्यावर शोधलं. “गाळलाय. पहिल्याच फेरीत.”

“गाळणारच. मीच शिकवलंय तिला.”

पावणेचारला ती काचेच्या खोलीत गेली. साहेबांपुढं धाकटीची यादी होती. त्यांनी हात पुढं केला.

“तुमचे नऊ?”

“एक आहे.”

“आणि आठ?”

“नाही सापडले.”

“मॅडम, मस्करी करू नका. पंधरा मिनिटं उरलीत.”

तिनं फोटो उघडून त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी बघितला, बघितला म्हणजे तिच्यासारखाच, पाऊण सेकंद.

“कलता आहे हा.”

“आहे.”

“अंधारा आहे. शिवाय डोकं…”

“साहेब, पाय बघा.”

साहेब परत वाकले. खालून टायर ठोकल्याचा आवाज येत होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि साहेब अजून वाकलेलेच.

“हं,” ते म्हणाले. मग मागं टेकले आणि एकदम थकल्यासारखे दिसले, जणू काचेच्या खोलीतही कुणी अकरा वर्षं काढली होती. “हे मला वरच्यांना समजावता येणार नाही. आकड्यात बसत नाही हे.”

“नका समजावू.”

“असं करू. आठ प्रोग्रॅमचे आणि एक तुमचं. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस यायचं. चालेल?”

“आणि एखाद्या दिवशी एकही सापडलं नाही तर?”

“तर प्रोग्रॅमचे नऊ. आणि असं फार वेळा झालं, तर मग मी काही करू शकणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो.”

तिनं मान डोलावली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. 

चारच्या ठोक्याला नऊ नग चढले. निवड झालेल्यांना जायचं पत्र ठरलेलं होतं: ‘अभिनंदन! आपल्या प्रेरणादायी कार्यामुळे…’ नाव बदललं की झालं. पाठवणाऱ्याच्या भाषेत भाषांतर होऊन ते आपोआप जायचं. आठ पत्रं तिनं तशीच सोडली. नवव्याचा सगळा मजकूर पुसला आणि डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, नवीन लिहिला.

‘तुमचा फोटो आज लावला आहे. याआधी चार वेळा तो मीच नाकारला. वाईट होता म्हणून नाही. मी बघितलाच नव्हता. तुमच्या बहिणीनं टाच बोटांवर दाबून धरली आहे, ती मला आज दिसली. तुम्ही पाचव्यांदा पाठवलात, हे बरं केलंत.’

ओळीवाला खांद्यावरून वाचत होता. “वहिनी, असलं लिहीत नसतात. कंपनीच्या अंगाशी येईल.”

“येऊ दे.”

“आणि त्या बाईला राग आला तर?”

“मग रागावेल. तिचा हक्क आहे.”

तिनं पत्र पाठवलं. पर्स उचलली, खांद्याला लावली, आणि पुन्हा खाली बसली. पडद्यावर गाळलेल्या नगांचा कप्पा उघडला. अकरा वर्षांचं सगळं तिथं पडून होतं, आकडा डोळ्यांत मावत नव्हता. तिनं सगळ्यात वरचा नग उघडला. सोफ्यावर झोपलेल्या मांजराचं तैलचित्र. तिनं ते नीट बघितलं, मिशांपासून शेपटीपर्यंत, पुरं एक मिनिट.

भिकार होतं. तिनं पुढचं उघडलं.