ईशान्य कोपऱ्यातला शेंदूर

घराच्या मागे लाकडी डेक केला तो बाबांसाठी. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात वॉकर आला होता, आणि मागच्या दारातून अंगणात उतरायला दोन उंच पायऱ्या होत्या. म्हणून दाराच्याच उंचीला सागवानी फळ्यांची सपाट जमीन करून घेतली. दार उघडलं की सरळ बाहेर, उन्हात. जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या गल्लीत असं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारीण भिंतीवरून बघून म्हणाली, "दीदी, इतनी लकड़ी में तो चार पलंग बन जाते." त्यानंतर गल्लीत त्याला ‘बड़ा तखत’ हेच नाव पडलं.

बाबा त्यावर आले नाहीत. घरात वॉकर घेऊन फिरायचे, मागच्या दारापर्यंत यायचे आणि उंबऱ्याशी थांबायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हाड जुळलंय, आता भीती गेली पाहिजे. थंडीआधी हे बाहेर चालले नाहीत तर खाटेलाच लागतील. बाबा भीतीचं नाव काढत नव्हते. ते म्हणायचे, "लाकूड कोरं आहे. कुसळं घुसतीन पायात." चपलेनं वॉकरबरोबर पाय घसरतो म्हणून ते अनवाणीच चालत. कारण बिनचूक होतं. मी ठरवलं, फळ्या घासून रंगवून घ्यायच्या, म्हणजे हे कारण संपेल. पुढचं कारण येईल तेव्हा बघू.

दिवाळीच्या तोंडावर जबलपुरात रंगारी शोधायची वेळ कुणावर येऊ नये. पहिल्या ठेकेदारानं डेक बघितला आणि टाइल्स लावून घ्या म्हणाला. दुसरा फोनवर रोज ‘रास्ते में हूँ’ म्हणायचा. तो जवळच्याच सिहोऱ्याहून येत होता. रस्ता बराच लांब असावा, कारण तो अजून आलेला नाही. तिसरा कांचघर मोहल्ल्यातला, पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं.

त्याला मी पॉलिश नको, व्हार्निश नको असं सांगितलं. वर थर बसतो तो नको, लाकडात मुरतो तो रंग हवा, आणि फिका.

"चमक?" त्यानं विचारलं.

"चमक नको. घसरायला होतं."

"दीदी, चमक नहीं आएगी तो लोग कहेंगे पैसा खा गया."

"लोकांना मी सांगेन."

"हओ," तो म्हणाला. जबलपुरात ‘हओ’ म्हणजे ऐकलं. करीन असा त्याचा अर्थ होत नाही.

फळ्या घासून झाल्या त्या दिवशी मी ऑफिसात होते. संध्याकाळी आले तर बाबा मागच्या दाराशी वॉकर धरून उभे, चेहरा पंचनाम्याला आल्यासारखा.

"पाह्य," ते म्हणाले.

डेकच्या ईशान्य कोपऱ्यात, नुकत्या घासलेल्या कोऱ्या सागवानावर, तेलात कालवलेल्या शेंदराचा तळहाताएवढा टिळा होता. बाजूला नारळ फोडल्याची खूण. रंग लावायचा मुहूर्त म्हणून ठेकेदारानं पूजा केली होती.

आमचं घर बौद्ध. बाबांनी तरुणपणी घरातले सगळे देव बांधून नदीत सोडले आणि मग कुणाच्या पूजेला उभे राहिले नाहीत. फॅक्टरीत नोकरीभर, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी अख्खा सेक्शन मशिनींना हार घालायचा तेव्हा हे आपल्या मशिनीशी डबा उघडून जेवत बसायचे. लाडू दिला तर खायचे. आरतीला उठायचे नाहीत. आणि त्यांची खुर्ची ठेवायची म्हणून मी जो कोपरा धरला होता तो हाच, कारण सकाळचं ऊन तिथेच येतं. ठेकेदारानंही तो उगवतीचा म्हणूनच धरला असणार.

"मी काही या तखतावर येत नाही आता," बाबा म्हणाले. मग नारळाच्या खुणेकडे बघून, "अन् खोबरं काहून नाही ठेवलं त्यानं? पूजा माह्या घरात अन् खोबरं त्याच्या?"

मी पॉलिश पेपर घेऊन बसले. तेल लाकडात उतरलेलं होतं. वरचा शेंदूर गेला आणि खालून गडद नारिंगी डाग आला, आधीपेक्षा ठळक. बाबांना आता पक्कं कारण मिळालं होतं, आणि हे कुसळांसारखं घासून जाणारं नव्हतं.

सकाळी पॉलिश पेपर घेऊन मी पुन्हा फळ्यांवर बसले होते, तेव्हा ठेकेदाराला तो डाग दाखवला आणि घासायचं मशीन फिरवून काढ म्हणाले. त्यानं कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"पूजा का है दीदी. हम नहीं मिटाएँगे. आप कहो तो पूरा डार्क मार देते हैं, दब जाएगा."

"गडद रंग उन्हात तापतो. त्यांचे पाय भाजतील."

"तो फिर रहने दो. शुभ है."

"शुभ?" उंबऱ्यातून बाबा बोलले. "मले विचारलं होतं काय?" मग जबलपुरी ‘भावा’ लावून त्याला, "काए बड्डे, किससे पूछ के किया?"

"बाबूजी, औजार का काम है. पूजा नहीं करेंगे तो औजार काट लेता है."

"मी जिंदगीभर मशिनीवर काम केलं. एक दिवस पूजा नाही केली."

"आपकी किस्मत, बाबूजी."

"किस्मत!" बाबांनी वॉकर उचलून उंबऱ्याबाहेर टेकवला आणि मागोमाग स्वतः आले. "तू हर काम पे पूजा करता है?"

"हर काम पे."

"नारियल के साथ?"

"नारियल के साथ."

बाबा वॉकर ठोकत त्याच्यापर्यंत गेले. तो डागाजवळ उभा होता, म्हणजे बाबांनी जवळजवळ अख्खा डेक ओलांडला. मी पॉलिश पेपरसकट जिथे होते तिथेच बसून राहिले.

"दिखा हाथ," बाबा म्हणाले.

ठेकेदारानं हात पुढे केले. बाबांनी त्या अर्ध्या तर्जनीकडे बघितलं. मग वॉकर सोडला, दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरले आणि बोटं फाकवली.

"गिन," ते म्हणाले.

फिजिओथेरपीवाली मुलगी पावसाळाभर त्यांना हात सोडा, हात सोडा म्हणत होती.

ठेकेदारानं खरंच मोजली. दोन्ही हातांची, ओठ हलवत. मोजून झाल्यावर म्हणाला, "पूजा नहीं करते तो पूरा हाथ जाता, बाबूजी. इतने में छूट गए."

बाबांनी हात खाली आणून वॉकर धरला, आणि तेव्हा पायाखाली बघितलं. मग माझ्याकडे. मी फळी घासायला लागले.

"खुर्ची आण," ते म्हणाले. "उभं करून ठेवलं मले."

खुर्ची कुठे ठेवू, असं विचारलं. कोपऱ्यात डाग होता, ऊनही होतं. बाबांनी दोन्हीकडे बघितलं.

"तिथंच ठेव. त्याच्या टिळ्यासाठी मी सावलीत बसू काय?"

रंग फिकाच लावला. वाळेपर्यंत बाबांना आत ठेवणं जड गेलं. डाग रंगाखालून दिसतो, पण त्यावर खुर्ची असते आणि खुर्चीत बाबा. सकाळी मी चहा टाकेपर्यंत ते स्वतःच बाहेर जाऊन बसलेले असतात.

ठेकेदार आता गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला आमच्याकडे आणतो. परवा एका जोडप्याला भिंतीपलीकडून हळू आवाजात सांगत होता, "बाबूजी दिन भर वहीं बैठते हैं. पूजा की जगह पे किसी का पैर नहीं पड़ने देते."

मी ते बाबांना सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं.

"त्याले सांग, पुढच्या खेपेस येशील तं खोबरं घेऊन ये," ते म्हणाले, आणि शेकायला उन्हाकडे पाठ केली.