आखाजीचा खजूरपाक

पिंप्राळ्याहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे धुळ्यात कैऱ्या किसत बसले होते. "भाऊ गेले, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आखाजीला मी गेले नव्हते... हेच.

आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींनी माहेरी जायचंच. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे थोरले भाऊ. मला शुगर निघाली त्या वर्षी सगळ्यांच्या ताटात पुरणाचे मांडे आणि माझ्या ताटात साधी पोळी, हे त्यांना बघवलं नाही. पुढच्या आखाजीपासून, उभा जन्म कारखान्यात काढलेला हा माणूस गॅससमोर उभा राहायला लागला. खजुराच्या बिया काढायच्या, तो गरम पाण्यात भिजवून कुस्करायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचा आणि मधासारखा दाट होईपर्यंत आटवायचा. वहिनींना पिळायलाही देत नसत. "तू अर्धं फडक्यातच ठेवतेस," म्हणायचे. गुळाऐवजी त्या पाकात माझ्यापुरतं पुरण, वर एक बाटली घरी न्यायला.

"सुमी, हाई फळनी गोडी शे. बिनधास्त खाय."

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, आटवलेला खजूर म्हणजे साखरच. पण ताटासमोर बसून माझ्याकडे बघणाऱ्या भावाला ते सांगायला जीभ रेटायची नाही. मी खायचे, परतल्यावर शुगर चढायची. बाटली शेजारी द्यायची आणि फोनवर, "संपला हो पाक." यंदा शुगर फारच वाढली. मांडे नकोत, एवढं एक वाक्य बोलायचं सोडून मी गुडघेदुखीचं निमित्त केलं. कसली मेली भीड ही... "बरं, नको येऊ. जीवले जप," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज पडलेला मला कळला, तरी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आता लाज वाटते.

दारावर, म्हणजे दुःखाच्या भेटीला, गेले तेव्हा वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं.

"यंदा पाक केलाच नव्हता, ताई. त्यांनाही शुगर निघाली ना. डॉक्टरांनी खजूर बंद केला, तेव्हापासून एकच... सुमीला इतकी वर्षं मी काय खाऊ घातलं. तुमच्यासाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दळून आणलं होतं. म्हणाले, आवंदा मी अन् सुमी दोघं भाकरी-ठेचाच खाऊ."

"मग फोनवर का नाही बोलले?"

"म्हणाले, येईल तेव्हा समोर बसून सांगतो. फोनवर धीर होत नाही."

 

गेल्या वर्षीची बाटली शेजारी द्यायची राहून गेली होती. ती इथे माझ्या फ्रीजच्या दारात आहे, गळ्यापर्यंत भरलेली. दूध काढायला गेलं की समोर येते. ती कुणाला देववत नाही, खाताही येत नाही. भाकरी-ठेच्याला मी धावत आले असते हो, भाऊ...