पांढऱ्या पानांची तगर

गेले तीन दिवस सकाळी उठून मी फाटकाजवळच्या तगरीत एक पांढरं पान शोधते आहे. आक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, गावाहून फोन करून एक फांदी मागितली आहे. पानं उलटताना डहाळ्या मोडतात, पांढरा चीक बोटांना लागतो, आणि त्याचा तो कच्चा, कडवट वास साबणाने धुतला तरी जात नाही. आज तर पोळ्या लाटतानाही येत होता. सांगलीच्या या घरात उभी राहून मी साताऱ्याजवळच्या आमच्या अंगणात कितीदा तरी जाऊन आले. मला तिथे जायला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते.

वडील फौजेत होते. एका सुट्टीत त्यांनी कुठल्याशा छावणीतल्या साहेबाच्या बंगल्यातून ओल्या फडक्यात गुंडाळून ती फांदी आणली. पानांना पांढरी किनार, मधेच पांढरे फराटे, एखादं पान तर अर्धं कोरं. ती जगवली आक्काने. तिने दुपारच्या उन्हाला आडोसा केला, कारण पानाचा पांढरा भाग उन्हाने करपतो. पावसाळ्यात फांद्या लावून लावून तिने अंगणाच्या दोन्ही बाजूंना रांगा केल्या. या तगरीची एक खोड असते. मधूनच तिला साधी हिरवी फांदी फुटते. ती दिसायला टवटवीत, वाढायला दांडगी; राहू दिली तर दोन-चार वर्षांत सगळं झाड हिरवं करून टाकते, आणि एकदा गेलेला पांढरा रंग काही केल्या परत येत नाही. "बुडातनं काढायची," आक्का मला शिकवायची. "वरनं छाटलीस तर दोन फुटतील. आणि कीव करू नगंस."

आक्काच्या हातांवर कोड होतं. बाराव्या वर्षी बोटांवर पहिला डाग उठला, मग मनगटं, मग ओठांचे कोपरे. ते कुणाला लागत नाही, असं लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वडिलांना बजावून सांगितलं होतं. वडिलांनी ते आम्हाला सांगितलं आणि गावाला सांगायचं राहून गेलं. तिला स्थळं आली नाहीत. मग माझी वेळ आली. नव्वदीची सुरुवात असेल, सांगलीच्या हळदीच्या पेठेतलं चांगलं स्थळ चालून आलं. मध्यस्थांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगी एकच आहे म्हणून. भावकीनेही तोंड उघडलं नाही. घरोघरी लग्नाच्या मुली होत्या, डाग कुणालाच नको होता. पाहुणे आले त्या दुपारी आक्का मागच्या गोठ्यात बसली. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं. पोहे परतून, माझी वेणी घालून ती आपली आपण उठून गेली होती.

होणाऱ्या सासूबाई अंगणातच थबकल्या. "अगंबाई, काय सुंदर पानं ही! कुणी जोपासली?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी." सासूबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "हातही छान आहेत हो." आमच्या घराची मागची भिंत पातळ होती. गोठ्यात सगळं ऐकू जायचं.

लग्नाला आक्का नव्हती. तिला चार दिवस मामाकडे धाडलं होतं. निघताना आईने एक डबा माझ्या हातात दिला, त्यात मुळं धरलेली फांदी. आक्काने ठेवली होती माझ्यासाठी.

दुसऱ्या वर्षी ती आली. न कळवता, एसटीने, पदर हातांवर ओढून. मी दार उघडलं, तेवढ्यात मागून सासूबाई. "कोण गं ही?" मला दम घ्यायलाही वेळ मिळाला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. वेळ होता. मी आक्काच्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माहेरी बागेत कामाला असते."

आक्काची पापणीसुद्धा लवली नाही. "व्हय," ती सासूबाईंना म्हणाली. "हिकडं आले हुते, म्हटलं वैनीसाबांची तगर बघून जावी." वैनीसाब! जिने माझी वेणी घातली ती मला वैनीसाब म्हणाली. सासूबाई आत येऊन हळूच बोलल्या, "चहा दे तिला, पण आपल्या कपात नको." मी कान तुटलेला कप काढला. मीच काढला, मीच भरला. आक्का पायरीवर बसून चहा प्याली, कप विसळून पालथा घातला, आणि तगरीजवळ वाकून एक हिरवी फांदी बुडातून काढली. जाताना म्हणाली, "हिरवं ठेवू नगा हं."

ती गेल्यावर मला हायसं वाटलं. रडू वगैरे आलं नाही.

पुढे त्या पांढऱ्या पानांकडे पाहून सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "ती डागांची बाई पुन्हा नाही आली गं?" मग मी कात्री हातात धरणंच सोडलं. हिरव्या फांद्या आल्या तशा येऊ दिल्या. दर पावसाळ्याला पांढरं कमी होत गेलं, आणि एका वर्षी ते उरलंच नाही. सासूबाईही विचारायच्या थांबल्या. त्या गेल्या, मग माझे मालकही गेले. सांगता आलं असतं कुणालाही, कधीही. मुलांना आजही मावशी आहे हे ठाऊक नाही.

आक्का आता साठीपुढे गेली. महिन्यातून एकदा फोन करते, दुपारी, घरात कुणी नसताना. "हिरवं काढतीस न्हवं?" "काढते की." इतकी वर्षं हेच. या वेळी म्हणाली, "रस्ता रुंद केला गं, माझ्या समद्या रांगा गेल्या. तुझ्यातली एक फांदी धाडशील?" मी म्हणाले, धाडते.

आज चौथ्या दिवशी शोधणं सोडलं. मिरज रस्त्यावरच्या नर्सरीत तसलीच तगर मिळते, काळ्या पिशवीत. ती आणेन, पिशवी फाडून जुन्या डब्यात लावेन आणि माझीच म्हणून पाठवेन. लावायला डब्यातून काढताना आक्का पिशवीत गोल वळलेली मुळं बघेल आणि तिला लगेच कळेल की ही माझ्या झाडाची फांदी नाही, नर्सरीतलं रोप आहे. फोनवर म्हणेल, "पोचली गं, लय छान हाय." ती एवढंच म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पायरीवर चहा पितानाही तिने माझं खोटं असंच सांभाळून घेतलं होतं.