कर्दळीचा वाफा

आमच्या आबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट गेली, नियम मात्र एक राहिला. लेकीच्या घरचं खायचं नाही. आई गेली हे ते विसरले. मुक्ताईनगरकडचा आपला केळीचा मळा चौपदरी रस्त्यात गेला, हेही विसरले. माझं नावसुद्धा त्यांना आठवत नाही. पण मी लेक आहे आणि पिंप्राळ्यातलं हे घर लेकीचं सासर आहे, हे अगदी पक्कं लक्षात आहे. भावाकडे पुण्याला दोनदा नेऊन पाहिलं. तिथे ते लिफ्टला घाबरून जिन्यात बसून राहायचे. शेवटी इकडे आणलं, तर इकडे हा नियम. ताट वाढलं की हात जोडून म्हणायचे, आलो तसा निघतो, उशीर झाला.

मी चिडायचे. माझा स्वभावच तापट, त्यात हा हट्ट. त्यांना ओरडून सांगायचे की आता असलं कोणी पाळत नाही. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि चपला शोधायला लागायचे.

तलावाकाठच्या जुन्या बागेत त्यांना नेलं ते केवळ चपला घातल्याच आहेत म्हणून. ही बाग कुणा इंग्रज कलेक्टरने लावली असं म्हणतात. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, विटांच्या वाटा, बकुळीची म्हातारी झाडं आणि एक कारंजं, जे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बंदच पाहिलंय. मधली कित्येक वर्षं तिथे म्हशी बसायच्या. मग कुणाच्या तरी मनात आलं आणि बागेला वारशाचा दर्जा मिळाला. जुना फोटो शोधून त्यात होते तसे वाफे पुन्हा आखले. पाण्याच्या कडेने लांबच लांब कर्दळ लावली.

आबा त्या कर्दळीपाशी थांबले. केळीसारखी रुंद हिरवी पानं, खाली ओली काळी माती, पलीकडे पाणी. त्यांनी वाकून माती चिमटीत घेतली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाकर आनली का माय?"

माझ्या पर्समध्ये सकाळचा डबा होता. मी पायरीवर बसले आणि तो उघडला. आबांनी पूर्ण भाकरी खाल्ली, वर कांदा मागितला. आपल्या मळ्यात लेक भाकरी घेऊन आली, तर ती खायला कुठला नियम आड येणार? मी तोंड फिरवून तलावाकडे बघत बसले, कारण मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता.

मग रोजचंच झालं. दुपारी रिक्षाने जायचं, पायरीवर बसायचं, जेवायचं. पहारेकरी ओळखायला लागला. चालायला येणाऱ्या बायका लांबूनच विचारायच्या, आज काय भाजी? आबांच्या गालांवर मांस आलं. माझा नवरा म्हणाला की कलेक्टरसाहेबाचे उपकार झाले, आणि मी बऱ्याच दिवसांनी हसले.

केळी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट बघवत नाही, बुंध्याशी फुटलेली पिलं. मूळ झाडाचं खाणं पिलं खातात म्हणून ती वेळच्या वेळी कापायची आणि एकच झाड वाढू द्यायचं. आबांनी जन्मभर तेच केलं. एका दुपारी मी नळावर डबा धुवायला गेले आणि चालायला आलेल्या बायकांशी बोलत रमले. माळी चहाला गेले होते आणि त्यांचा विळा गवतावर पडला होता. मी परत आले तेव्हा अर्धा वाफा साफ झाला होता. प्रत्येक झुडपात सगळ्यात जाड असा एकच दांडा ठेवून बाकीची कर्दळ जमिनीसरशी कापलेली, आणि कापलेले दांडे नीट एका बाजूला रचलेले. कुठल्याही केळीवाल्याने पाठ थोपटली असती, इतकं सुरेख काम. त्या दांड्यांच्या टोकांना कळ्या होत्या. पुढच्याच आठवड्यात पाहुणे येऊन बागेचं उद्घाटन करणार होते.

"एवढे पिलं ठेवले तं केळ निसवीन कशी?" आबा मला म्हणाले. घड कसा बाहेर पडणार, असं ते विचारत होते. घामाने डबडबले होते आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

बागेचे साहेब भले होते, तेच वाईट झालं. आरडाओरडा केला असता तर मीही भांडले असते. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे आत सोडता येणार नाही, हातात विळा होता, कुणाला लागलं असतं तर? मी म्हटलं, हात धरून बसेन. म्हटलं, वाफ्याकडे नेणारच नाही. मग त्यांना सगळं सांगितलं, भाकरीचं, नियमाचं. त्यांनी खाली बघत ऐकलं आणि म्हणाले, बाई, वरच्या साहेबांना मी काय लिहून देऊ?

तेव्हापासून सगळे उपाय करून झाले. बागेबाहेर तलावाच्या बांधावर बसवलं, तर हा आपला मळा नाही म्हणून उठले. शेजारणीकडे वाढलं, तर लेकीचा शेजार म्हणून नाही. हॉटेलातल्या गर्दीला ते घाबरले. गच्चीवर कुंड्यांतून कर्दळ लावली, तेव्हा मात्र कुंडीत केळ लावणाऱ्या बाईला पाहून पोट धरून हसले, आणि उपाशी झोपले. चहा, दूध कधी घेतात, कधी नाही. डॉक्टर नळीचं बोलतात. आबांचा शर्ट आता खांद्यांवरून घसरतो.

काल मी ताट घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात जोडले. म्हटलं, आबा, माझ्यासाठी एक घास. मला हुंदका आवरला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. भाकरी मोडली, वरणात बुडवली.

त्यांनी तो घास माझ्या तोंडाशी आणला.

"खाय माय," ते म्हणाले. "सासरी कोन पुसतं तुले?"

मी तोंड उघडलं. ते भरवत गेले आणि मी सगळी भाकरी खाल्ली. मग त्यांनी रिकामं ताट बाजूला सारलं, समाधानाने हात झटकले आणि चपला शोधायला उठले.