सिस्टर थेक्लाचा ठराव

सिस्टर थेक्लाच्या नावावर या जगात काहीही नव्हतं. बँकेत खातं नाही, कपाटात दोन स्वेटर आणि बोटात मठाची अंगठी, बस्स. तरीही ओहायो नदीकाठची ती बलाढ्य वीज कंपनी या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला वचकून असे. मठाकडे कंपनीचे थोडे शेअर होते, आणि ज्याच्याकडे शेअर त्याला वार्षिक सभेत उभं राहून ठराव मांडता येतो. थेक्ला आणि तिची जिवाभावाची मैत्रीण सिस्टर इमेल्डा वर्षानुवर्षं एकच ठराव मांडत आल्या होत्या: हवामानाचे कायदे हाणून पाडायला राजधानीत तुम्ही कुणाला किती पैसे पुरवता, ते दरवर्षी जाहीर करा.

कंपनी मोठी साळसूद. तिच्या गुळगुळीत अहवालात हिरवे डोंगर, हसरी मुलं, आणि ‘आम्ही स्वच्छ हवेच्या बाजूचे’. तिकडे राजधानीत ‘कुटुंब बचाव मंडळ’ असल्या गोंडस नावाची कसलीशी संस्था आमदारांच्या मागे हात धुऊन लागे, कोळशाचा धूर कमी करणारा प्रत्येक कायदा मारून टाकी. त्या मंडळाला पैसा कोण देतं, असं विचारलं की कंपनीचे साहेब ताकास तूर लागू देत नसत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका रात्रीत कधी नव्हे एवढा पाऊस कोसळला आणि ओढ्याकाठची घरं वाहून गेली. त्यात लोरेटा गेली, तिची दोन्ही पोरं गेली. लोरेटाला थेक्लानं चौथीत भागाकार शिकवला होता. त्या दोन लहान शवपेट्या पाहिल्यापासून तिला या ठरावाखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

इमेल्डा त्याच उन्हाळ्यापासून आजारानं अंथरुणावरच होती. पण गेल्या वर्षी ठरावाच्या बाजूनं जवळजवळ निम्मी मतं पडली, आणि यंदा कंपनीचे पुष्कळ शेअर असलेल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडानं पाठिंब्याचा शब्द दिला. फंडाचे जेराल्ड फोनवर म्हणाले होते, “सिस्टर, या खेपेला त्यांना तोंड उघडावंच लागेल.”

ईस्टरच्या आधी मठात आठवडाभर मौन असतं. जेवताना चमच्याचा आवाजसुद्धा होऊ द्यायचा नाही. अशात एका दुपारी मठप्रमुख सिस्टर लुएला थेक्लाच्या टेबलाशी येऊन वाकली. तिला काहीतरी विचारायचं होतं, अगदी स्पष्ट दिसत होतं. थेक्लानं ओठांवर बोट ठेवलं. लुएला खजील होऊन परत गेली आणि थेक्लाला स्वतःच्या निग्रहाचं जरा कौतुकच वाटलं.

सभेच्या दिवशी लुएलाच गाडी चालवत होती. वाटेत ती सहज म्हणाली, “इमेल्डाच्या नर्सच्या पगाराची चिंता मिटली हो, सिस्टर. शेअरचे पैसे आले.”

“कुठल्या शेअरचे?”

“वीज कंपनीच्या. भाव चांगला आला होता, म्हणून विकून टाकले.”

“लुएला, गाडी बाजूला घे.”

ठराव मांडणाऱ्यानं सभा संपेपर्यंत शेअर विकायचे नसतात. विकले तर ठराव बाद, आणि पुढची दोन वर्षं मांडायला बंदी. हे मठात थेक्ला आणि इमेल्डा या दोघींनाच माहीत होतं, आणि दोघींपैकी कुणी लुएलाला कधी सांगितलंच नव्हतं.

लुएला स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. “विचारायला आले होते ना मी! तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. शेअरचा दलाल उत्तर मागत होता, नर्स पुरवणारी ती एजन्सी पैसे थकले म्हणून नर्स काढून घेते म्हणत होती. काय करायचं मी?”

“रडू नकोस. चूक माझी आहे.”

“कंपनीला काही ठाऊक नाही, सिस्टर. आजच्यापुरतं गप्प बसा ना! ते कोट्यवधी लपवतात, आपण एवढंसं लपवलं तर देव काय रागावणार आहे?”

“चल, उशीर होतोय,” थेक्ला म्हणाली. तिलाही तेच वाटत होतं, आणि तसं वाटल्याची तिला भीती वाटत होती.

सभेत तिचा क्रमांक आला. कंपनीच्या चिटणिसानं नेहमीचा प्रश्न मान वर न करताच विचारला, “शेअर आजही मठाच्याच नावावर आहेत ना, सिस्टर?”

एक ‘हो’ म्हटलं की मतं मोजली जाणार होती. मागच्या रांगेत जेराल्ड आधीच हसत बसले होते.

“नाहीत,” थेक्ला म्हणाली. “विकलेत.”

चिटणिसानं मान वर केली. अध्यक्ष वकिलाकडे वळले, वकील त्यांच्या कानाशी लागला. मग अध्यक्ष फार गोड आवाजात म्हणाले, “सिस्टर, तुमच्या प्रामाणिकपणाचा आम्हाला आदर वाटतो.” ठराव बाद झाला आणि सभा चहाला उठली. त्या माणसाचं मुस्काट फोडावं असं थेक्लाला वाटलं. साठ वर्षं नन राहूनही वाटलं.

बाहेर जेराल्ड म्हणाले, “आमच्या फंडाला स्वतःहून ठराव मांडायची परवानगी नाही हो. दोन वर्षांनी मांडा पुन्हा...” मग त्यांचं लक्ष तिच्या काठीकडे गेलं आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

ती मठात परतली तेव्हा इमेल्डा जागीच होती. नर्स तिला कुशीवर वळवून पाठीला मलम लावत होती. अंथरुणाला खिळून तिची पाठ सोलवटली होती.

“किती पडली गं?” इमेल्डानं विचारलं. “निम्म्याच्या वर गेलो ना?”

“मतदान झालंच नाही. शेअर विकले गेले होते.”

“विकले?” इमेल्डानं उठायची धडपड केली, नर्सनं तिला अलगद धरलं. “कुणी? एवढे दिवस सांभाळले आपण! कशासाठी विकले, थेक्ला? कुठे गेला तो पैसा?”

नर्सचा हात थांबला. थेक्ला खुर्ची ओढून मैत्रिणीच्या उशाशी बसली.

“प्रार्थनाघराचं छप्पर गळत होतं,” ती म्हणाली.

“छप्पर! त्या छपरापायी?” इमेल्डा चिडून रडू लागली. “मला आधी विचारलं असतं, तर मी विकू दिले नसते.”

“नसतेच दिलेस,” थेक्ला म्हणाली, आणि तिनं नर्सला मलम लावायची खूण केली.